ट्रायल संपली म्हणून ब्रेक जात नाहीत

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. शाळेच्या बॅचच्या, सोसायटीच्या, काचवाल्यांच्या आणि शेवटी घरच्या. घरच्या ग्रुपवर तो टाकला होता सांगलीच्या दाजींनी, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा:

“सावधान! ७० लाखांची गाडी घेतली तरी मालक तुम्ही नाही. ट्रायल संपली की कंपनी परदेशातून बटण दाबून गाडीचे ब्रेक बंद करते. सेन्सरचे पैसे आधीच घेतलेत, तरी दरमहा खंडणी! कार्डातून परस्पर पैसे कापतात. जे भरतात त्यांची गाडी स्वतः चालते आणि ते वाचतात, बाकीचे मरतात. पुण्यात दोन हजारांत अनलॉक करून मिळते. पुढे पाठवा.”

दाजींचा त्यावर विश्वास बसायला कारण आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मिशिगनमध्ये असतो. त्याने मागच्या वर्षी तिकडे एक भारीतली गाडी घेतली. हायवेवर स्टिअरिंगवरचे हात काढून बसता येईल अशी सोय तिच्यात काही महिने फुकट होती. मुदत संपल्यावर स्क्रीनवर सूचना आली की यापुढे हवी असेल तर दरमहा पैसे भरा. त्याने वैतागून त्या स्क्रीनचा फोटो घरी पाठवला. तो फोटो आणि हा मेसेज दाजींच्या डोक्यात एकत्र झाले.

माझं कोडोलीच्या एमआयडीसीत गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान आहे. पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्या हल्ली रोज येतात, त्यामुळे या ॲडासशी, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेशी, माझा संबंध पोटापाण्याचा आहे.

आधी ब्रेकचं. हे सरळ खोटं आहे. समोर काही आलं आणि ड्रायव्हर थांबला नाही तर गाडी आपणहून करकचून ब्रेक लावते, ती सोय वेगळी आणि हात सोडून बसायची सोय वेगळी. कॅमेरा, रडार एकच असतील, पण त्यावर चालणारी कामं दोन. भाडं मागतात ते दुसऱ्या कामाचं. अमेरिकेत २० कंपन्यांनी २०१६ मध्येच हे आपोआप लागणारे ब्रेक सगळ्या गाड्यांत देण्याचं कबूल केलं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने त्याचा नियमच केला, तो २०२९ च्या सप्टेंबरपासून लागू करायचं तेव्हा ठरलं. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचे आहेत. फोर्ड, जनरल मोटर्स, टेस्ला या तिघांच्या हात-सोड किंवा त्यापुढच्या सोयी तिकडे भाड्याने मिळतात आणि तिघांच्याही गाड्यांत हे ब्रेक त्या भाड्याच्या बाहेर आहेत. भाच्याला फोन करून विचारलं. मुदत संपल्यावर त्याचे ब्रेक, एअरबॅग, पट्टा सोडल्याची सूचना, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ, सगळं जागेवर आहे. गेलं ते एवढंच की आता हात स्टिअरिंगवर ठेवावे लागतात.

दाजींनी विचारलं, “मग एवढ्या पैशाचं त्यात आहे काय?”

तोच खरा प्रश्न आहे आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य त्याच्याशीच जोडलेलं आहे: जे भरतात त्यांची गाडी स्वतः चालते आणि ते वाचतात.

गाडी स्वतः चालत नाही. गाड्यांच्या आपोआपपणाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. बाजारात भाड्याने मिळणारी जवळजवळ प्रत्येक सोय दुसऱ्या पायरीची आहे. दुसरी पायरी म्हणजे गाडी वळवते, वेग राखते, पण नजर तुमची आणि जबाबदारीही तुमची. हात सोडले तरी डोळे रस्त्यावर आहेत की मोबाइलवर, हे बघायला आत आणखी एक कॅमेरा बसवलेला असतो. तिसऱ्या पायरीची, म्हणजे ठरावीक परिस्थितीत खरोखर नजर काढू देणारी सोय मर्सिडीजने जर्मनीत आणि अमेरिकेच्या नेवाडा, कॅलिफोर्निया या दोन राज्यांत आणली. अमेरिकेत तिचा वेग ताशी साधारण ६४ किलोमीटरच्या आतला होता, तोही ठरलेल्या हायवेवर. आपल्याकडे आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत तेवढा वेग मिळाला तरी लोक खूश होतात, ते सोडा.

आता वाचण्याचं. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था अपघातांचा हिशेब ठेवते. आपोआप लागणाऱ्या ब्रेकमुळे मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झाले, असं तिच्या आकड्यांत दिसतं. याच संस्थेने लेन धरून चालवणाऱ्या, दुसऱ्या पायरीच्या सोयींचाही हिशेब मांडला आणि २०२४ मध्ये सांगितलं की यांनी अपघात कमी होतात असा पुरावा सापडत नाही. ही आरामाची गोष्ट आहे, सुरक्षेची नाही. म्हणजे दाजी, मेसेज बरोबर उलटा आहे. जीव वाचवणारं ट्रायल संपल्यावरही गाडीत राहतं. जे जातं, त्याने जीव वाचल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही.

उलट एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाने नीट वाचावी अशी आहे. फोर्डच्या ब्लूक्रूझ या हात-सोड सोयीची चौकशी अमेरिकी सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली, ती सॅन अँटोनियो आणि फिलाडेल्फियाच्या दोन जीवघेण्या अपघातांनंतर. दोन्ही वेळा रात्र होती आणि दोन्ही वेळा गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनांवर गेली. टेस्लाने डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांवर गाड्यांचं ‘रिकॉल’ काढून त्यांचा प्रोग्रॅम दुरूनच बदलला, तो ड्रायव्हरचं लक्ष पुरेसं राहत नाही म्हणून. उभी वस्तू ओळखणं ही या यंत्रणांची जुनी दुखरी जागा. पूल, पाट्या, कठडे हे सगळं रडारला ‘उभं’च दिसतं, त्या प्रत्येकाला ब्रेक लावायचा तर गाडी पुढे जाणारच नाही. म्हणून वेगात असताना उभ्या वस्तूंच्या बऱ्याच खुणा गाळल्या जातात. चांगल्या गाड्यांच्या पुस्तिकेतही हा इशारा छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही.

हे डोक्यात ठेवून नोव्हेंबर ते मार्च या काळातला पेठ नाक्याचा रस्ता आठवा. कारखाने पेटलेत, उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर चालू आहेत. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांखाली झाकलेला. टायर फुटला की ट्रॉली तिथेच, कडेला चार दगड लावून उभी. त्यामागून उसाच्या बैलगाड्यांची रांग. सातारा ते कागल सहापदरीकरणात डायव्हर्जन आज इथे, उद्या तिथे. जुने पांढरे पट्टे खरवडलेले आणि नवे त्यांना छेद देऊन मारलेले. मी स्वतः पाहिलंय, गिऱ्हाइकाच्या गाडीचं स्टिअरिंग उंब्रजच्या पुढे जुन्या पट्ट्याकडे ओढ घेत होतं. भाच्याची हात-सोड सोय तिकडेसुद्धा कुठल्याही रस्त्यावर चालू होत नाही. आधी मोजून नकाशात घेतलेल्या, दुभाजक असलेल्या हायवेवरच होते. असा रस्ता नसेल तर पैसे भरूनही ती नुसती बघत बसते.

“सेन्सरचे पैसे आधीच घेतलेत.” मेसेजमधला हा एकच मुद्दा मला अर्धा पटतो.

पटतो कारण बीएमडब्ल्यूने हे करून पाहिलं होतं. २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायचे पैसे महिन्याच्या हिशेबाने मागितले. ब्रिटनमध्ये १५ पाउंड. तार सीटमध्ये आहे, वीज गाडीच्या बॅटरीची आहे, कंपनीला दरमहा खर्च शून्य. लोक चिडले आणि २०२३ मध्ये कंपनीने ते गुंडाळलं. तिथे ‘खंडणी’ म्हटलं असतं तर मी भांडलो नसतो. हात-सोड सोयीचं थोडं वेगळं आहे. तिला हजारो मैलांचा नकाशा सतत ताजा ठेवावा लागतो, गाडीतल्या सिमचा डेटा लागतो, प्रोग्रॅम सुधारत राहावे लागतात. सेट टॉप बॉक्स आपला असतो, चॅनेलचे पैसे वेगळे पडतात, तशातला हा प्रकार.

पण दर खर्चावरून ठरतो असंही समजू नका. टेस्लाने आपल्या ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’चे अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये १५ हजार डॉलर लावले, वर्षाने १२ हजार, एप्रिल २०२४ मध्ये ८ हजार. महिन्याचं भाडं १९९ डॉलरचं ९९ झालं, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये. आधी घेतलेल्या गाडीतले कॅमेरे तेच होते. गिऱ्हाईक किती देईल याचा अंदाज बदलत गेला, एवढंच. हळदीच्या सौद्यात ज्यांचा जन्म गेला त्या दाजींना हे मी काय समजावणार?

भारतात ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सोयींचं महिन्याचं भाडं अजून रुळलेलं नाही. महिंद्राने २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० आणली तेव्हापासून आपल्याकडची रीत अशी की ॲडास हवं तर वरचं व्हेरिएंट घ्या, पैसे एकदाच. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत दुकान उघडलं तेव्हाही त्या सोयीचे एकरकमी ६ लाख सांगितले. इथे मुदत संपते ती बहुतेक मोबाइल ॲपची, लाइव्ह नकाशाची, सिमची.

कार्डातून परस्पर पैसे कापण्याचं थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, कार्डावर दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या पैशांना सुरुवातीला तुमची ओटीपी देऊन संमती लागते. पुढे प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं आणि त्यातून बाहेर पडायची सोय द्यावी लागते. १५ हजारांवरच्या रकमेला दर वेळी नव्याने संमती. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, तिच्यात ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ नावानिशी आहे. तेव्हा बँकेचा मेसेज न वाचता पुसून टाकायची सवय आधी सोडा.

दोन हजारांत अनलॉक. इथे मात्र मला राग येतो, कारण निस्तरायला अशा गाड्या माझ्याकडे येतात. ज्या सोयीला कंपनीच्या सर्व्हरवरचा नकाशा लागतो ती लॅपटॉप जोडून ‘उघडता’ येत नाही. जे उघडतं ते मेनूतलं बटण. काही वेळा त्या खटाटोपात कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याने नेमकं कुठे बघायचं ती जुळणी, उडतं, आणि ते गेलं की फुकटचे, चांगले ब्रेकही भरवशाचे राहत नाहीत. कॅमेरा एक अंश जरी तिरका बघायला लागला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक पडते. हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे समोरचा ट्रक आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, याचाच घोळ. नुसती काच बदलली तरी आम्ही कॅमेऱ्यासमोर खुणांचा बोर्ड लावून, फरशीची पातळी तपासून तास-दोन तास त्यात घालवतो. काही गिऱ्हाइकं म्हणतात, काच बसली ना, राहू दे ते. त्यांना मी गाडी देत नाही. वॉरंटीवर आणि विम्याच्या दाव्यावर बोट ठेवायला कंपनीला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

राहिलं “मालक तुम्ही नाही”. दाजी, तुम्ही पुण्याहून दुसऱ्या हाताची गाडी बघताय असं ताईकडून कळलं, म्हणून हे तुमच्यासाठी. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेत एकाने डीलरकडून वापरलेली टेस्ला घेतली. जाहिरातीत आपोआप चालण्याच्या सोयी लिहिलेल्या होत्या. नंतर कंपनीने त्या दुरून काढून घेतल्या. म्हणणं असं की त्यांचे पैसे भरलेलेच नव्हते. बोभाटा झाल्यावर परत दिल्या. तेव्हा भीती असलीच तर ती इथे आहे, खरेदीच्या दिवशी, आणि ती कागदाने जाते. कुठली सोय गाडीच्या चासी नंबरवर आहे आणि कुठली आधीच्या मालकाच्या खात्यावर? कुठली मुदतीची आणि मुदत कधी संपते? तोंडी नको, बिलाच्या मागे लिहून सही घ्या. पुढची काच कधी बदलली आणि कॅलिब्रेशनचा कागद आहे का, हेही विचारा. बिनसलंच तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेपा घालायला नकोत. मात्र दोन वर्षांच्या आत.

भाच्याने शेवटी काय केलं? बरेच महिने काहीच भरलं नाही. डिसेंबरात मित्रांबरोबर लांबच्या प्रवासाला जायचं होतं तेव्हा एक महिन्याचे पैसे भरले, सरळसोट हायवेवर हात मोकळे सोडून गेला, आणि आल्यावर जानेवारीत बंद केलं. ब्रेक अजून चालू आहेत.