भाच्याचा फ्लेमिंगो आणि फॅमिली ग्रुपवरचं ‘मस्त रे’

भाच्याने गेम जॅमसाठी, म्हणजे दिलेल्या थीमवर ठरलेल्या वेळेत गेम बनवायच्या उपक्रमासाठी, ४८ तासांत एक छोटासा गेम बनवला आणि रविवारी रात्री फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली. लगेच अंगठ्यांचा पाऊस, ‘मस्त रे’, ‘नाव काढलंस’, एका काकांनी तर गुलाबाचं फूल पाठवलं. लिंक उघडली किती जणांनी? तिघांनी. त्याने इच डॉट आयओ या गेम टाकायच्या वेबसाइटवर टाकलाय ना, तिथे बनवणाऱ्याला आकडा दिसतो, लपत नाही काही.

मी ऐरोलीत टेस्टिंगला आहे, दुसऱ्याच्या कामात खोट काढायचाच पगार घेतो, त्यामुळे सोमवारी ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकलमध्ये विंडो मिळाल्या मिळाल्या खेळायला बसलो. एक करडं फ्लेमिंगोचं पिल्लू खाडीवरून उडतंय, टॅप केलं की पंख मारतं, नाही केलं की खाली येतं, शेवाळ खायचं आणि हाय टेन्शनच्या वायरी चुकवायच्या. जितकं खाल तितकं ते गुलाबी होत जातं. थीम होती ‘बदल’, आणि खऱ्या फ्लेमिंगोचंही तसंच असतं की, पिल्लं करडीच, खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे हळूहळू गुलाबी होतात. म्हणजे कोपऱ्यातला तो स्कोअरचा आकडा काढून टाकला तरी चालेल, पक्ष्याचा रंगच स्कोअर आहे! हे त्याला सुचलं याचं मला जाम कौतुक वाटलं. तोंडावर नाही सांगितलंय, इथे वाचेल.

पण ऐरोली येईपर्यंत अकरा वेळा मेलो. त्यातल्या सहा वेळा माझी चूकच नव्हती, वायर मानेच्या खालून मोकळ्या हवेतून जाते आणि तरी मेला! कारण काय, तर पक्ष्याभोवती एकच मोठा चौकोन हिटबॉक्स, म्हणजे वायर ज्याला लागली की मेला असं गेम धरतो ती न दिसणारी चौकट. अरे, फ्लेमिंगो म्हणजे काय मांजर आहे का, लांब मान, लांब तंगड्या, मधे सगळी रिकामी जागा. नुसत्या धडापुरता गोल ठेव, तोही चित्रापेक्षा जरा लहानच. वायर चाटून गेली तर ‘वाचलो बाबा’ असं वाटतं आणि माणूस परत खेळतो, न लागता मेला की फोन खिशात.

दुसरं म्हणजे मेल्यावर ‘गेम ओव्हर’ तीन सेकंद सावकाश फेड होतं. एवढा वेळ कोण थांबतं? फ्लॅपी बर्ड २०१३ चा, मरायला दोन सेकंद लागायचे आणि परत सुरू करायला त्याहून कमी, लोक उगाच नव्हते रात्र रात्र खेळत. आवाज बंद करायचं बटण नाही, अख्ख्या डब्याने माझ्याकडे बघितलं. आणि मराठीत नाव दिलंस ते छान, पण जोडाक्षरं फुटलीत, गेम बनवायच्या गोडो या सॉफ्टवेअरचं जुनं ३ व्हर्जन वापरलंय त्याने, ४ मध्ये देवनागरी नीट दिसतं.

खरी टेस्टिंग मात्र शनिवारी नौपाड्यात झाली. आईच्या हातात फोन दिला, भाच्याला म्हटलं तोंडातून शब्द काढायचा नाही. आजीने अंगठा स्क्रीनवर दाबूनच धरला. पक्षी एकदा फडफडला आणि खाडीत. परत दाबून धरला, परत खाडीत. भाचा खुर्चीत नुसता वळवळत होता, ‘आजी टॅप कर, टॅप’ अगदी ओठांवर, मी गुडघा दाबून ठेवलेला. पाचव्या वेळी आजी म्हणाली, ‘हा बगळा आजारी आहे का रे?’

सुरुवातीला फक्त एक अंगठा टपटप करतोय एवढं चित्र दाखवलं असतं तर झालं असतं, आणि हे त्याला सतरा ‘मस्त रे’मधून कधीच कळलं नसतं. कौतुक करू नका असं नाही म्हणत मी, पण आधी लिंक तर उघडा, दोनदा मरा, कुठे कंटाळलात ते सांगा. पोराने दोन रात्री जागून बनवलंय, तुमची पाच मिनिटं नाहीत?

हां, आणि तो आता म्हणतोय दहा लेव्हल टाकतो, दुकान टाकतो, नाणी टाकतो. नको रे बाबा. आधी तो चौकोन काढ.

काल रात्री साडेबाराला नवीन लिंक आली, फक्त मला आणि आजीला. आजीचा पक्षी चोचीपर्यंत गुलाबी झालाय, माझा अजून मानेपर्यंतच.