अठराव्या ग्रीनवर कोण थांबतं?

मावसभावाचा फोन रविवारी येतो. इथे सकाळची कॉफी चाललेली असते, तिकडे त्याचं जेवण होऊन बडीशेप सुरू असते. तो मुंबईतल्या एका जिमखान्याचा सभासद आहे, मावसोबांच्या काळापासूनचा. पावसाळा लागला की त्याचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं: सभासदांना क्रिकेटच्या संघाशी काडीचं घेणंदेणं उरलेलं नाही. समोर कांगा लीगचा, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी क्लब क्रिकेटचा, सामना चालू असतो आणि व्हरांड्यात माणसं मैदानाकडे पाठ करून बटाटेवडे खात असतात. संघ वरच्या गटात गेला की खाली घसरला, हे रमीच्या टेबलावर विचारून बघ म्हणतो, एकाला सांगता येणार नाही. मग एक उसासा, आणि शेवटी, ‘तुमच्याकडे बरं असेल.’

परदेशात राहणाऱ्याला हे वाक्य वर्षातून पाच-पन्नास वेळा ऐकावं लागतं. रस्ते, रेल्वे, दवाखाने आणि आता जिमखान्याचा क्रिकेट संघसुद्धा. या वेळी मी त्याला म्हटलं, अरे, बरं कसलं? इथेही लोक पाठ करूनच बसतात, फक्त हातात वडा नसतो.

मी डब्लिनच्या पश्चिमेला, किल्डेअर काउंटीत राहतो आणि नऊ वर्षांपासून इथल्या एका साध्यासुध्या गोल्फ क्लबचा सभासद आहे. गोल्फ म्हटलं की आपल्याकडे चेंबूरचं किंवा येरवड्याचं कुंपण डोळ्यांसमोर येतं, तेही बाहेरून बघितलेलं. आयर्लंडमध्ये तसं नाही. या एवढ्याशा बेटावर सुमारे ४०० क्लब आहेत. माझ्या चौकडीत एक इलेक्ट्रिशियन, एक निवृत्त पोस्टमन आणि एक शाळामास्तर आहे. माझा हँडिकॅप २१. म्हणजे ढोबळमानाने, पट्टीच्या खेळाडूला जिथे ७२ फटके लागतात तिथे माझ्याकडून ९३ची अपेक्षा असते, आणि तीही मी बहुतेक वेळा पुरी करत नाही.

या क्लबांचे आपापसात सामने होतात, गंभीरपणे होतात आणि फार जुन्या काळापासून होतात. इथली गोल्फ युनियन १८९१ सालची, जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय संघटना. बायकांची १८९३ची. दोन्ही मिळून २०२१ पासून एक झाल्या. सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे सीनियर कप, १९०० पासून चालू असलेली. तिच्या जोडीला १९१०ची बार्टन शील्ड. तिथे क्लबातले अव्वल खेळाडू उतरतात, हँडिकॅप शून्याच्या आसपास असलेली विशी-पंचविशीतली पोरं. त्याखाली ज्युनियर कप. त्याहीखाली जिमी ब्रुएन शील्ड, आणि सगळ्यांत तळाला पिअर्स पर्सेल शील्ड, जी माझ्यासारख्या रडतखडत खेळणाऱ्यांसाठी आहे. ब्रुएन हा कॉर्कचा अचाट खेळाडू. १९३८ साली अठराव्या वर्षी वॉकर कपमध्ये, म्हणजे अमेरिकेविरुद्धच्या हौशी खेळाडूंच्या सामन्यात खेळला, युद्ध संपल्यावर १९४६मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशींची स्पर्धा जिंकला. पर्सेल हे डब्लिनच्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. पर्सेलांच्या नावाची ढाल सुमार खेळाडूंकडे यावी हे मला फार आवडतं. प्राध्यापकांना सुमारांची सवय असते. यातली कुठलीही स्पर्धा अखिल आयर्लंड पातळीवर जिंकली की क्लबला हिरवा पेनंट, म्हणजे छोटा झेंडा, मिळतो आणि तो क्लबहाऊसच्या भिंतीवर पुढच्या पिढ्यांना दिसत राहतो.

आता प्रश्न असा, की आमच्या क्लबातल्या साध्या सभासदाला या पेनंटचं काय पडलंय?

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत याचं उत्तर जवळजवळ मिळालं. वर्गणी वाढली होती, ग्रीन्सचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, निचरा नीट होत नव्हता, आणि हिशेबात सीनियर संघाच्या सराव फेऱ्या, टी-शर्ट आणि जेवणं यांचा खर्च स्वतंत्र ओळीत दिसत होता. एक वयस्कर गृहस्थ उठले. म्हणणं एवढंच, की ही मुलं आपल्या क्लबात वाढलेली नाहीत, त्यांतली दोन तर शेजारच्या क्लबातून कमी वर्गणीचं आमिष दाखवून आणलेली आहेत, शनिवारी ती कधी आपल्यासोबत खेळत नाहीत, आणि त्यांच्या सामन्यापायी आपले टी टाईम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, बंद ठेवले जातात. मग आपण नेमके कशाचे पैसे भरतोय? टाळ्या पडल्या. सौम्य पडल्या, कारण आयरिश माणूस सभेत जोरात टाळी वाजवत नाही. खरं काय ते तो नंतर बारमध्ये बोलतो.

त्यानंतर आठवडाभरातच सीनियर कपचा सामना आमच्याकडे होता. मी मुद्दाम गेलो. बघणारे अकरा जण मोजले, त्यांत चार जण खेळाडूंचे आईवडील. गोल्फ विलक्षण होता. तीनशे यार्डांवर पडणारे ड्राइव्ह आणि पटवर (ग्रीनवरून चेंडू भोकात घालायच्या फटक्यावर) डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी मुलं. क्लबहाऊसमध्ये त्याच वेळी टीव्हीवर कुठल्या तरी अमेरिकन स्पर्धेतला असाच गोल्फ चालू होता आणि तिथे गर्दी होती. खिडकीबाहेर तेच फुकट चाललं होतं.

हे ऐकल्यावर मावसभाऊ खूश. बघ, तेच तर मी म्हणतोय, सभासद ही जातच तशी! पण मग मी त्याला मे महिन्यातल्या त्या संध्याकाळचं सांगितलं.

पर्सेलची फेरी होती. पाच जोड्या, फोरसम्सचा खेळ, म्हणजे दोघांत एकच चेंडू आणि आळीपाळीने मारायचं. एकाने घाण केली की ती दुसऱ्याने निस्तरायची. संसाराला याहून जवळचा खेळ माझ्या माहितीत नाही. तीन जोड्या आमच्या कोर्सवर, दोन तिकडे त्यांच्या कोर्सवर, त्यामुळे कॅप्टन कानाला फोन लावून फिरत होता. तिकडे एक हरलो, एक जिंकलो. इकडेही एकेक. निकाल शेवटच्या जोडीवर येऊन थांबला आणि त्या जोडीत होता आमचा इलेक्ट्रिशियन, ज्याने माझ्या घरातला शॉवर दुरुस्त केला होता आणि दोन महिन्यांनी पुन्हा केला होता.

साडेआठ वाजलेले, पण मे महिन्यात इथे दिवस मावळता मावळत नाही. सतराव्या होलपर्यंत दहा-पंधरा माणसं मागे चालत होती. शेवटच्या, अठराव्याकडे वळलो आणि बघतो तर बार रिकामा झालेला. साठ-सत्तर माणसं हातात ग्लास घेऊन ग्रीनभोवती उभी. वार्षिक सभेतले ते वयस्कर गृहस्थही त्यांत, सगळ्यांत पुढे. स्वयंपाकघरातली पोरगी एप्रनसकट आलेली. इलेक्ट्रिशियनच्या जोडीदाराने चेंडू बंकरमध्ये घातला तेव्हा सत्तर माणसांनी एकदम श्वास सोडला, आणि मग याने तो वाळूतून कसा काढला ते त्यालाही सांगता येणार नाही, पण काढला, झेंड्यापासून चार फुटांवर. समोरच्यांचा पट हुकला. आमच्याने तो चार फुटांचा घातला. इतकं बेताल ओरडणं मी गणपती विसर्जनानंतर ऐकलं नव्हतं. पुढच्या फेरीत आम्ही आपटलो ते सोडा.

खेळ म्हणून बघितलं तर यातला एकही फटका सीनियर कपच्या कुठल्याही पोराने चारचौघांत मारला नसता. तरी माणसं तिथे होती. याचं कारण चांगुलपणा किंवा क्लबनिष्ठा नव्हे. कारण असं, की त्या सत्तरांतला प्रत्येक जण त्या चार फुटांच्या पटपुढे स्वतः कधी ना कधी थरथरला होता, आणि पट मारणाऱ्याला तो नावानिशी, त्याच्या उधारीनिशी ओळखत होता. शिवाय पुढच्या वर्षी हँडिकॅप जुळला तर त्या जागी आपण असू, ही चोरटी आशा प्रत्येकाला होती. मलाही होती. संघनिवडीची यादी फलकावर लागते तेव्हा मी ती सहज म्हणून वाचतो. अगदी सहज.

याला दुसरी बाजू आहे. पर्सेल आणि ब्रुएनच्या मोसमात ‘बँडिट’ हा शब्द फार ऐकू येतो. बँडिट म्हणजे हँडिकॅप मुद्दाम वाढवून ठेवणारा लबाड, आणि तो नेहमी समोरच्या क्लबात असतो. आस्था आली की हे आलंच. आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धांत जन्मदाखले जसे तरुण होतात, तसे इथे हँडिकॅप म्हातारे होतात.

मावसभाऊ म्हणाला, हे सगळं ठीक, पण आयरिश लोक तर क्लबसाठी जीव टाकतात ना? त्याने गेलिक फुटबॉलबद्दल कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे. गेलिक खेळांची संघटना १८८४ची, तिचे क्लब गावोगावी, पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या, हद्दीप्रमाणे. खेळाडूला मानधन नाही, गाव सोडून सहसा दुसरीकडे खेळायचं नाही. अंतिम फेरी जवळ आली की चौकाचौकात क्लबच्या रंगाच्या पताका लागतात, दुधाच्या टँकरवरसुद्धा. म्हणजे जो माणूस शनिवारी गोल्फच्या सीनियर संघाकडे ढुंकून बघत नाही, तोच रविवारी गावाच्या संघासाठी पावसात दोन तास उभा राहतो. माणूस तोच आहे. गोल्फ क्लबात तो वर्गणी भरून आलाय, आणि गावात जन्माला आलाय. परळ-लालबागच्या मंडळाचा कबड्डी संघ आणि मरीन ड्राइव्हचा जिमखाना यांत हाच फरक नाही का? मंडळाच्या पोरांना बघायला गल्ली गॅलरीतून लोंबकळते. त्यांच्याकडे कुणी आस्था शिकवायला जात नाही.

आणि गोल्फमधलं एखादं पोर असं गावाचं झालं, की गोल्फलाही तेच भाग्य लाभतं. गोल्फपटू शेन लाऊरी ऑफली काउंटीतल्या एस्कर हिल्स क्लबचा. २०१९ साली रॉयल पोर्टरशला त्याने ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा क्लारा हे त्याचं छोटंसं गाव रस्त्यावर आलं. पण गंमत अशी की त्याचे वडील ब्रेंडन १९८२च्या ऑफलीच्या गेलिक फुटबॉल संघात होते, ज्या संघाने केरी काउंटीला लागोपाठ पाचव्या विजेतेपदापासून रोखलं. लोकांनी लाऊरीला डोक्यावर घेतलं ते आमच्या ब्रेंडनचा पोरगा म्हणून. दुसरा नामवंत आयरिश गोल्फपटू पॉड्रिग हॅरिंग्टन, त्याचंही काहीसं तसंच. वडील पोलीस, कॉर्ककडून गेलिक फुटबॉल खेळलेले. आणि ज्या स्टॅक्सटाऊन क्लबात तो घडला, तोही पोलिसांनीच उभा केलेला.

आपल्याकडेही हे होतं, हे मावसभावाला मी आठवण करून दिलं. दादर युनियन आणि शिवाजी पार्क यांच्या सामन्याला माटुंगा-दादर कसं लोटायचं ते मावसोबाच सांगायचे. गावसकर, वेंगसरकर कसोटी खेळून येऊन कांगा लीगच्या चिखलात उभे राहायचे, म्हणून लोक जायचे असं आपण म्हणतो. मला वाटतं तेवढंच नव्हतं. उरलेले नऊ जण त्याच वाड्या-चाळींतले होते, कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, आणि सोमवारी त्यांच्याशी आठ-पाचच्या गाडीत भांडता यायचं. आज जिमखान्याचा संघ बहुतेक ‘खेळाडू सभासद’ म्हणून आणलेल्या मुलांचा असतो. ती वसई-विरारहून किट खांद्यावर घेऊन येतात, सामना खेळतात, लोकल पकडतात. त्यांना व्हरांड्यात चहाला किती जण बोलावतात? सभासदांनी संघाकडे पाठ केली म्हणतोस, पण तू तरी त्या ऑफस्पिनरचं नाव सांग.

फोनवर बराच वेळ शांतता. मग मावसभावाने असा मुद्दा काढला की मला गप्प बसावं लागलं. तो म्हणाला, तुमच्या क्लबची जमीन क्लबची आहे. तुम्ही बघा, नाहीतर बघू नका. इकडचे जिमखाने सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्यावर उभे आहेत आणि ती जमीन खेळासाठी दिलेली आहे, लग्नाच्या रिसेप्शनसाठी नव्हे. तिथे सभासदाला आवड असो-नसो, मैदान खेळालाच राहिलं पाहिजे. तुझं ते आस्थेचं तत्त्वज्ञान लावलं तर उद्या खेळपट्टीवर कायमचा मांडव पडेल, कारण मांडवाबद्दल सगळ्यांनाच आस्था आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. इथून बोलताना जमिनीचा हा हिशेब विसरायला होतं. आमच्या क्लबात सीनियर संघाचं कौतुक कुणी केलं नाही म्हणून फार तर भिंतीवर एक पेनंट कमी लागेल. मुंबईत मैदान एकदा गेलं की गेलं. म्हणजे सभासदांना संघाची पडलेली नसते ही त्याची तक्रार मला अजूनही फुकाची वाटते, पण त्यामागची भीती खरी आहे.

फोन ठेवताना तो म्हणाला, नाव विचारतो त्या पोराचं. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं. नाव, गाव, वडील काय करतात, सगळं. नालासोपारा. डावखुरा निघाला, म्हणजे ऑफस्पिनर नव्हताच. चार बळी घेतले होते त्याने, आणि पाचव्या बळीचा झेल व्हरांड्यासमोरच सुटला. कुणी सोडला, कसा सोडला, हे सांगताना मावसभावाचा आवाज चढलेला.

मी मात्र अजून सीनियर संघातल्या त्या दोन आणलेल्या मुलांची नावं विचारलेली नाहीत. येत्या शनिवारी त्यांचा सामना आहे, अकरा ते दोन टी टाईम बंद. मी साडेसातचा घेऊन ठेवलाय. अकराच्या सुमारास मोकळा होईन. पाऊस नसला तर बघू.