कानातला बिल्ला

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी ओलिताची लाईन रात्री येते. बाबा मोटर लावायला वावरात गेले आणि मी इकडे कॉम्प्युटरवरचं लिनक्स (विंडोजसारखीच एक सिस्टीम) अपग्रेडला लावलं. ते परतले तेव्हा त्यांची मोटर पाणी ओढत होती. माझं मशीन मात्र काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ लिहून रूटचा, म्हणजे मुख्य मालकाचा, पासवर्ड मागत होतं.

मशीनमध्ये डिस्का दोन. एकीवर सिस्टीम, दुसरीवर सोयाबीनचा हिशोब अन् बहिणीच्या लग्नाचे फोटो. सुरू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत दुसरीचा पत्ता ‘एसडीबी-1’ असा मीच कधीकाळी लिहिलेला. डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारून पाहिलं, तर नव्या कर्नलनं (सिस्टीमच्या गाभ्यानं) हिशोबवालीला एसडीए केलेलं आणि सिस्टीमवालीला एसडीबी. आता एसडीबी-1 म्हणजे सिस्टीमवालीवरचं, मशीन सुरू करायचं (बूटचं) इवलंसं फॅट पार्टिशन. ते हिशोबवालीसारखं ईएक्सटी-4 साच्यातलं म्हणून जोडायला गेलं की अडणारच.

“डिस्कचं नाव कसं बदलते बे? लगन झालं का तिचं?”

म्हटलं, बाबा, हे नाव तिचं नसतेच. कर्नलला आधी सापडली ती ए, मागून आली ती बी.

बाबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. “म्हंजे गोठ्यात जो आंधी घुसला तो सर्जा? उद्या दुसरा घुसला तं तो सर्जा?”

“हो.”

“मंग कानातला बिल्ला पाय ना!”

बैलाच्या बिल्ल्यावर 12 आकडे असतात. डिस्कचा बिल्ला म्हणजे यूयूआयडी, रेघा धरून 36 चिन्हं. तो खरं तर फाइल सिस्टीमचा (डिस्कवर फाइली मांडायच्या साच्याचा) असतो, पण अर्ध्या रात्री तेवढी फोड कोण करणार? बीएलकेआयडी कमांडनं दाखवलेला नंबर कृषी केंद्राच्या बिलामागे उतरवला. बाबा सांगू लागले, मी एफएसटॅबमध्ये एसडीबी-1 च्या जागी टाइप करू लागलो.

“सात, ओ, एफ...”

“यात ओ नसते बाबा, शून्य आहे. अक्षरं एफपर्यंतच.”

“डोये माहे का तुहे?”

कुठंतरी बीचा डी झाला. रीस्टार्ट केलं, तर मशीन त्या जगात नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहत बसलं आणि पुन्हा इमर्जन्सी मोड. तेवढ्यात आईनं आतून विचारलं, “बैल हरवला का?”

दुसऱ्या खेपेला जमलं. ओळीच्या शेवटी ‘नोफेल’ही टाकलं, म्हणजे ती डिस्क नाही सापडली तरी बाकीचं घर उघडेल.

सकाळी कळलं, बीएलकेआयडीचं उत्तर दोन बाण (>>) देऊन थेट फाइलीतच ढकलता येतं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.