वीज काढलेलं पाणी ‘निःसत्त्व’ होत नाही

‘धरणावर वीज काढून घेतली की पाण्यातला कस जातो, मग ते पिकाला लागत नाही,’ असं अजूनही सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. टर्बाइन फिरते ती उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने आणि वेगाने. पाण्यातून काहीही काढलं जात नाही. क्षार, खनिजं तशीच राहतात. कोयना धरणाच्या पायथ्याला ४० मेगावॅटचं वीजगृह आहे. तिथून सुटलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि पुढे सांगलीपर्यंतचे ऊसमळे भिजवतं.

कोयनेचं बरंचसं पाणी बोगद्यांतून कोकणातल्या पोफळीकडे वळवतात, ते तिथल्या वाशिष्ठी नदीत जातं आणि कृष्णाखोऱ्याला मिळत नाही. ती तक्रार खरी आहे, पण ती पाण्याच्या वाटपाची आहे, कसाची नाही.