एल काढणार नाही

आज सकाळी नवी मुंबईत सीवूड्सकडून नेरूळला येताना स्कूटरवर सिग्नलला थांबले होते. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात ब्रेकवर. हिरवा लागला. पाय उचलले, रेस दिली, गाडी जरा डावीकडे कलली म्हणून परत पाय टेकले. फार तर तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात मागच्या बाइकवाल्याने हॉर्नवर जो अंगठा ठेवला तो काढेचना. मग बाजूने पुढे जाताना हेल्मेटची काच वर करून ओरडला, "आजी, रिक्षा पकडा ना! कशाला लोकांना त्रास देता?"

मी ५८ वर्षांची आहे, आजी म्हटल्याचा राग नाही. राग आला तो 'रिक्षा पकडा'चा. आणि त्याहून जास्त राग घरी आल्यावर आला. मुलाला सांगितलं, तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, निदान तो एल तरी काढ. लांबूनच कळतं सगळ्यांना."

कळू दे की! त्यासाठीच असतो तो. पांढऱ्यावर लाल एल, पुढे आणि मागे, किमान १८ सेंटिमीटरची चौकोनी पाटी. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे हे. अशी स्कूटर शिकणाऱ्याचं वय किती असावं तर १८ पूर्ण, मग कितीही. चाळिशी उलटलेल्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं, ते मी जोडलंय. म्हणजे कायदासुद्धा सांगतो की हा माणूस शिकतोय, चुकेल, सांभाळून घ्या. आणि घरचे म्हणतात लपव.

लिहिताना अजून हात थरथरतोय माझा. पण आज लिहिणारच.

१९७८ ची उन्हाळ्याची सुट्टी. आम्ही पेणला राहायचो. तासावर भाड्याने छोट्या सायकली मिळायच्या. मी ११ वर्षांची, दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दादाने मागून कॅरिअर धरायचा आणि मी पायडल मारायचं, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वळणावर मी पडले. डावा गुडघा फुटला, फ्रॉक रक्ताने भरला. आत्याने हळद दाबली आणि म्हणाली, "पुरे झालं आता. मुलीची जात, हातपाय मोडला तर कोण करणार?" संपलं. त्यानंतर सायकल नाही. दादा त्याच सुट्टीत किती वेळा पडला असेल! कोपरं सोलून यायचा, आणि आत्या सगळ्यांना कौतुकाने सांगायची, पोरगा सायकल शिकतोय.

मी एकदाच पडले, तर त्याचा अर्थ 'हिला जमत नाही' असा झाला. आणि सांगते, मीही तो तसाच घेतला. दोन चाकांचं आपल्याला जमत नाही, हे मी पुढे इतकी वर्षं लोकांना सांगत आले. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे.

आता शिकायला लागले कारण ह्यांना काचबिंदू आहे. त्यात समोरचं नीट दिसतं, पण बाजूचं दिसणं कमी होत जातं, आणि गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली. ऑगस्टपासून स्कूटर पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. ते रोज खाली जाऊन तिच्यावरची धूळ पुसायचे, मला बघवायचं नाही. मग एक दिवस मीच म्हटलं, अहो, मला शिकवा.

रोज सकाळी सहाला आम्ही सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यावर जातो. ते फुटपाथवर उभे राहून सांगतात, "चाकाकडे बघू नकोस, लांब बघ." गाडी खरंच नजर जिथे जाते तिथे जाते. पहिल्या दिवशी मी खड्ड्याकडे बघत राहिले आणि सरळ खड्ड्यातच गेले. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. घाबरलं की उजवी मूठ आवळली जाते, मनगट खाली वळतं, आणि रेस वाढते. थांबायचं असताना गाडी पुढे पळते! सगळं अंग सांगतं घट्ट धर, आणि शिकायचं असतं ते मूठ सैल सोडायला. मला ते जमायला दोन आठवडे लागले. अजूनही दर वेळी जमतं असं नाही.

डिसेंबरात पडलेही. वळताना खडीवरून चाक सरकलं. परत डावाच गुडघा! शंभर किलोच्या वरची ती गाडी ह्यांनी आणि मी मिळून उभी केली. शेजारचे काका दूधाची पिशवी घेऊन चालले होते. म्हणाले, "वहिनी, या वयात कशाला उगाच?"

हेच काका २ नोव्हेंबरला रात्री खाली फटाके लावत होते. इथे डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री. सगळी सोसायटी खाली, पोरींनी करून दाखवलं, पोरींनी करून दाखवलं! मीही रडले. त्याआधी २००५ ची फायनल हरलो, २०१७ ची हरलो, तीही फक्त नऊ धावांनी. ते हरणं, ते पडणं कोणाला बघायचं नसतं. त्या महिन्याच्या शेवटी मी लर्निंग लायसन्स काढलं.

बरं, ठीक आहे, या वयातलं हाड पंचविशीसारखं पटकन जुळत नाही, मान्य. आणि रस्ता सगळ्यांचा आहे, शिकणाऱ्याने गर्दीच्या वेळी मुख्य रस्त्यावर येऊ नये हेही मान्य. पाम बीच रोडला मी अजून गेलेली नाही, इतक्यात जाणारही नाही. पण यातलं काहीच त्या हॉर्नचं उत्तर नाही.

मधे उठून चहा करून आले. राग जरा उतरलाय.

मला वाटतं आपण सगळ्याच हे करतो. एकदा वय झालं की जे चांगलं येतं तेवढंच चारचौघांत करायचं. पुरणपोळी करायची कारण ती उत्तम होते. रांगोळी काढायची कारण हात बसलेला आहे. नवीन काही करायचं तर आधी घरात, दार लावून, कोणाला कळू न देता. माझी एक मैत्रीण रिटायर झाल्यावर चित्रकलेच्या क्लासला गेली. दोनदाच गेली. म्हणाली, बाकीच्यांची चित्रं इतकी छान होती की माझा कागद मी पिशवीतून काढलाच नाही. कोणीतरी तिला सांगायला हवं होतं की काढ तो कागद, वाईट असू दे. मीच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जाऊ दे गं.

आपल्याच जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी तिथे २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या, नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायच्या. आपण ते फोटो कौतुकाने फॉरवर्ड केले. पण ज्या बाईने सत्तर वर्षं अंगठा उठवला, तिने पाटीवर पहिला 'अ' काढताना, तो वाकडा येताना, सगळ्या गावासमोर तिला काय वाटलं असेल? मला आता त्याचा थोडासा अंदाज आहे.

दुपारी दादाला फोन केला. रडायला येत होतं आणि घरात कोणासमोर रडायचं नव्हतं. सगळं सांगितलं. सायकलचंही बोलले, म्हटलं, दादा, तेव्हासुद्धा मला नव्हतंच ना जमलं.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, एक सांगू? मी कॅरिअर सोडला होता. गणपतीच्या कारखान्यापाशीच सोडला. तिथून शाळेच्या वळणापर्यंत तू एकटी गेलीस. बाबा मारतील म्हणून मी घरी बोललोच नाही."

"किती लांब असेल रे?"

"साठ-सत्तर पावलं तरी असतील. चांगली सरळ चालली होतीस. मी ओरडलो म्हणून मागे बघितलंस आणि पडलीस."

४७ वर्षं झाली. मला काही बोलताच येईना.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गेले. डिसेंबरात पडले तेव्हापासून मागच्या पाटीचा एक कोपरा सुटलेला होता. चिकटपट्टी घेऊन गेले होते, तो नीट दाबून चिकटवला.