‘दुधाचा डाग’ आपोआप जात नाही, बाळाला आजच डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या

सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग भिशीच्या, एकच मेसेज आठवड्यात तीनदा आला म्हणून लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: तान्ह्या बाळाच्या डोळ्यात पांढरं दिसलं तर तो दुधाचा डाग, वर्षभरात जातो. तोवर आईचं दूध आणि मध घाला. आईनं ग्रहण पाळलं नाही की असं होतं. ऑपरेशन पाच वर्षांआधी नको, भुलीनं मेंदू मंद होतो. डॉक्टर पैशासाठी घाबरवतात. माझ्या मुलीला उजव्या डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू होता, आता ती तीन वर्षांची आहे, आणि यातलं एकूण एक वाक्य मी तोंडावर ऐकलेलं आहे.

पहिलं म्हणजे दुधाचा डाग असं काही नसतंच. डोळ्याच्या मधोमध जो काळा गोल असतो तिथं पांढरं दिसतंय म्हणजे मोतीबिंदू असू शकतो, मागच्या पडद्याचा आजार असू शकतो, नाहीतर रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्यातला कॅन्सर, जो बहुतेक करून ५ वर्षांच्या आतल्या मुलांनाच होतो. तो वेळेत सापडला तर जीव वाचतो, बऱ्याचदा डोळाही वाचतो, उशीर झाला तर पसरतो. घरात बसून ह्यातलं नेमकं काय ते कुणालाच कळत नाही. आमच्याकडं मालिशवाल्या मावशींना दिसलं, बाळ तीन आठवड्यांचं, अंघोळीनंतर दाराच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “ताई, हिच्या ह्या डोळ्यात भाताचं शीत पडल्यासारखं दिसतंय बघा.” त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यानंतर ज्या पहिल्या डॉक्टरकडं गेलो त्यांनीसुद्धा लहान आहे, सहा महिन्यांनी बघू, असंच सांगितलं होतं.

आणि हे ‘बघू’च सगळ्यात घातक आहे. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू दोन वर्षं थांबला तरी नंतर काढला की दिसतं, बाळाचं तसं नसतं, बाळाचा मेंदू बघायला त्याच महिन्यांत शिकत असतो. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवून नंतर उघडला तर डोळा चांगला होता पण मेंदू त्या डोळ्याचं काही घेतच नव्हता, त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. म्हणून एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर डॉक्टर साधारण ६ आठवड्यांच्या आसपास ऑपरेशन धरतात, दोन्ही डोळ्यांत असेल तर ८ ते १० आठवड्यांच्या आत. पाच वर्षांनी तेच ऑपरेशन अगदी छान होईल, डोळा स्वच्छ दिसेल, आणि पोरीला त्यातून फारसं काही दिसणार नाही. (बारीक, कडेचा मोतीबिंदू असेल तर डॉक्टरही थांबतात, पण ते डोळा तपासून ठरवतात.)

आम्ही सव्वा महिन्याचं बाळ घेऊन सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. ऑपरेशन तासाभरात झालं, खरं काम नंतर सुरू झालं. डोळ्यातलं पांढरं झालेलं भिंग काढलेलं, म्हणून प्लस २५ ची कॉन्टॅक्ट लेन्स, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, जितक्या महिन्यांचं बाळ तितके तास रोज, आठ महिन्यांपर्यंत, पुढं जागेपणीचा निम्मा वेळ. सोलापूरचा मे महिना, घामानं पट्टी सुटतेय, गालाला पुरळ, लेन्स चादरीत हरवली म्हणून सगळं घर गुडघ्यावर. शेजारच्या काकू म्हणायच्या, “अगं चांगला डोळा का झाकतेस, लेकराला छळतेस.” त्या पट्टीमुळंच कमजोर डोळा कामाला लागतो हो काकू.

दूध आणि मध: डोळ्याच्या आतलं भिंगच पांढरं झालंय, बाहेरून घातलेलं तिथं पोचत नाही, वर इन्फेक्शन होऊ शकतं. मध तर एक वर्षाच्या आत बाळाच्या तोंडातही घालायचा नाही, बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. घरचं काजळही नको.

ग्रहणाचं वाक्य मला सगळ्यात लागलं. बाळंतिणीला, जिला आधीच झोप नाही, तिला सांगायचं की तू भाजी चिरलीस म्हणून झालं. एका डोळ्यातल्या मोतीबिंदूचं कारण बऱ्याचदा सापडतच नाही, आमच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. काही बाळांत आनुवंशिक असतो, काहींत आईला गरोदरपणी झालेला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, हे १९४१ मध्येच नॉर्मन ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियन डोळ्याच्या डॉक्टरनं दाखवलं, आणि त्यावर लस आहे, आपल्याकडं एमआर (गोवर-रुबेला) म्हणून देतात ती. माझ्या सासूबाईंनी सोलापूरच्या रूपाभवानी देवीला चांदीचे डोळे बोलले होते, आम्ही वाहिलेही. पण पुण्याची तिकिटं पण त्यांनीच काढायला लावली, नवस फेडायला थांबल्या नाहीत.

भुलीची भीती मात्र खोटी म्हणणार नाही, मी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर थरथरत होते. पण २०१९ साली आलेल्या ७ देशांतल्या मोठ्या अभ्यासात तासाभराच्या आतली एक भूल घेतलेली बाळं ५ वर्षांची झाल्यावर तपासली तर बुद्धीत फरक दिसला नाही. न दिसणाऱ्या डोळ्याचा फरक मात्र जन्मभर राहतो.

पैशाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे, उपचार मोफत. सिव्हिलला जाऊन विचारा, आशाताईंना विचारा.

आमच्या पोरीला त्या डोळ्यानं पूर्ण दिसत नाही, अशा ऑपरेशननंतर काचबिंदूची, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याची, भीती असते म्हणून डोळ्याचं प्रेशर जन्मभर तपासायचंय. पण चांगला डोळा झाकला तरी ती ताटातला शेंगदाणा उचलते. तुमच्याकडं तान्हं असेल तर फ्लॅश मारलेले फोटो काढून बघा, एक डोळा लाल आणि एक पांढरा येतोय का, डोळा सतत तिरळा राहतोय का, डोळे मोठे, पाणावलेले आणि उजेडात मिटलेले राहतात का. तसं असेल तर मला मेसेज करत बसू नका, बाळ उचला आणि निघा.