पू दिसला की जंतूच?

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला: ‘कॉलरबोन सुजून हातापायांवर पुवाचे फोड आले तर तो हाडातला जंतुसंसर्ग, नाहीतर टीबीच. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असतील तर नुसती उष्णता.’ याच समजुतीपायी माझी दोन वर्षं गेली, म्हणून लिहितेय.

पू म्हणजे जंतू, हे नेहमी खरं नसतं. मला झालाय तो ‘सॅफो’. सांधे आणि हाडांचा दाह, हाड जाड होणं, मुरुम, पुवाचे फोड या सगळ्यांना मिळून फ्रेंच डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे नाव दिलं. त्यातल्या तळहात-तळपायांच्या फोडांतला पू निर्जंतुक असतो. माझ्या तळव्यावरचे पिवळे ठिपके सुकून तपकिरी व्हायचे, सालं निघायची. पावसाळा होता, त्यामुळे घरच्यांनी चिखल्या ठरवून टाकल्या. एका दवाखान्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. पुवात जंतू आहेत का हे बघणारी तपासणी, म्हणजे कल्चर, मात्र कोणी केलंच नाही. तिकडे पर्सचा पट्टा खांद्यावर टेकवत नव्हता, आणि गाडीवर स्कार्फची गाठ मारायला हात वर नेला की छातीच्या मधल्या हाडापाशी कळ यायची.

या दोन्हींचा संबंध आहे हे मलाही सुचलं नाही. पाय दाखवले त्वचेच्या डॉक्टरांना, हाड ऑर्थोपेडिककडे. कसा जुळणार मेळ? शिवाय त्वचा आणि हाड एकदमच बिघडतील असंही नाही. मध्ये वर्षं जातात, काहींना फोड कधी येतच नाहीत.

रक्ताचं म्हणाल, तर ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रेही फसवतो. माझं उत्तर बोन स्कॅनमध्ये मिळालं: दोन्ही कॉलरबोनच्या सांध्यांपाशी आणि छातीच्या हाडाच्या वरच्या भागात गडद छाया. डॉक्टर याला बैलाचं डोकं म्हणतात. मला तर थेट पोळ्याचा बैल दिसला, शिंगांसकट.

उष्णतेसाठी सब्जा मीही प्यायले. असो.

टीबीचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. आपल्याकडे तो, जंतुसंसर्ग आणि कॅन्सर नाही याची खात्री करावीच लागते. माझी बायोप्सी त्यासाठीच झाली. पण ‘बघू तर’ म्हणून अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करणं वेगळं. सॅफोवर आधी सूज उतरवणारी वेदनाशामकं देतात, पुढे गरजेप्रमाणे मेथोट्रेक्सेट, पॅमिड्रोनेट ही औषधं किंवा प्रतिकारशक्तीला आवर घालणारी बायोलॉजिक इंजेक्शनं. त्यातल्या काही इंजेक्शनांनी शरीरात दबून असलेला टीबी उसळू शकतो, म्हणून ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते. माझी मागच्या आठवड्यात झाली. रिपोर्ट गुरुवारी मिळेल.